पावण्यांची नजर

सरांच्या समोरून चालायला मी घाबरायची. मी एकटीच नाही, आमच्या फार्मसी कॉलेजातले सगळेच घाबरायचे. ओरडतील म्हणून नव्हे. ओरडायचे ते व्हरांड्यात, गेटवर, चहाच्या गाड्यावर, आणि ते ओरडणं म्हणजे त्यांचं साधं बोलणंच होतं. भीती होती ती त्यांच्या बघण्याची. समोरून माणूस आला की सर त्याच्या चेहऱ्याकडे बघतच नसत. पाय कुठं पडतो, मान किती वळते, कडीवर हात थेट पडतो की चाचपत जातो, हे बघत. एकदा आमच्या ग्रंथपालांना त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "सायेब, जिन्याची शेवटची पायरी तुमी पायानं हुडकताय. कवापास्नं?" ग्रंथपाल त्या दिवसापासून मागच्या जिन्यानं यायला लागले.

मी सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. मधुमेहामुळं डोळ्याच्या आतल्या पडद्याची जी खराबी होते, ती एका वनस्पतीच्या अर्कानं थांबते का, हा माझा विषय. उंदरांना मधुमेह घडवायचा, निम्म्यांना अर्क द्यायचा, निम्म्यांना नाही, आणि दर महिन्याला बघायचं की कुणाची नजर किती उतरली. ऐकायला सोपं वाटतं. पण उंदराला अक्षरांचा तक्ता वाचायला लावता येत नाही. त्याला दिसतंय का, हे त्याच्या वागण्यावरूनच ओळखावं लागतं. आणि तिथंच तो फसवतो. मिशांनी भिंत चाचपतो, वासानं वाट काढतो, आपल्या पिंजऱ्यातली पावलं पाठ करून टाकतो. पार आंधळा झालेला उंदीर पिंजऱ्यात इतका सहज फिरतो, की वर्षभर रोज त्याला खायला घालणाऱ्यालाही पत्ता लागत नाही.

प्राणिगृहात शिरले की सर निराळेच माणूस होत. पायात रबरी तळाचे कापडी बूट, पावलांचा आवाज नको म्हणून. अंगाला वासाचा साबण नाही, केसांना तेल नाही. गजरा घालून आलेल्या मुलीला दारातूनच परत पाठवायचे. तो मोठा आवाज बाहेर चपलांच्या रॅकवर ठेवून आल्यासारखे ते आत कुजबुजत, आणि उंदरांना 'पावणं' म्हणत. काळ्या डोक्याचा, पांढऱ्या अंगाचा एकेक उंदीर दोन्ही तळव्यांत उचलायचे आणि म्हणायचे, "बसा पावणं. घाई न्हाय. तुमास्नी काय दिसतंय तेवढंच बगायचं हाय."

ही सगळी काळजी कुठून आली होती, ते त्यांनी एकदाच सांगितलं. तरुणपणी पहिल्या नोकरीत एका औषधाची चाचणी होती. डोळ्यांवर काही परिणाम होतो का, हे बघायचं काम त्यांच्याकडे. त्यांनी प्रत्येक उंदराच्या डोळ्यावर बॅटरी मारली, बाहुली आकसली, आणि कागदावर 'नजर ठीक' लिहून सही केली. नंतर डोळे कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघितले तर आतला पडदा झडून गेलेला. उजेड झाला एवढं त्या डोळ्यांना कळत होतं, म्हणून बाहुली आकसत होती. दिसत मात्र काहीच नव्हतं. "कापून बगितलं म्हणून घावलं," सर म्हणाले. "न्हाय तर माझ्या सहीवर ते माणसाच्या पोटात गेलं असतं." एवढं बोलून ते उठले आणि नळ बंद आहे का ते बघून आले. तो नळ ते दिवसातून दहा वेळा बघायचे.

माझी पहिली परीक्षा पाण्याच्या टाकीत झाली. टाकीला दोन फाटे. ज्या फाट्याच्या टोकाला पट्ट्यांची पाटी, तिथं पाण्याखाली चबुतरा. दिसणारा उंदीर पाटी बघून तिकडे पोहतो आणि चबुतऱ्यावर चढतो. माझे उंदीर धडाधड चढत होते, अगदी आजारी गटातलेसुद्धा. मी आनंदानं वही सरांपुढं ठेवली. त्यांनी पानावर बोट ठेवलं. "पाटी एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. असंच लावलीस न्हवं?"

"हो सर, दोन्ही बाजू सारख्या याव्यात म्हणून."

"पावण्यांनी तुझी पाळी पाठ केलीया, पाटी न्हाय बगितली. पावण्यांनी तुला वळखलंय. तू पावण्यांला न्हाय."

त्यांनी खिशातून नाणं काढलं. नाणं पडेल त्या बाजूला पाटी लावायची. त्याच दुपारी माझे आजारी उंदीर रिकाम्या फाट्यात जाऊन भिंतीला नाक घासत गोल गोल पोहायला लागले.  दोन महिन्यांचं काम गेलं त्याचं दुःख नव्हतं. ते इतके दिवस आंधळे होते, रोज माझ्या हातात होते, आणि मला कळलं नव्हतं.

टाकीवर सगळी भिस्त नको म्हणून सरांनी पिंप करवून घेतलं. आतून काळे-पांढरे उभे पट्टे, मधे उंच चबुतऱ्यावर उंदीर, आणि भोवती पिंप सावकाश फिरतं. डोळस उंदराची मान पट्ट्यांच्या मागोमाग हळूच वळते. त्याला ते शिकवावं लागत नाही आणि त्याला ते आवरताही येत नाही. पट्टे आम्ही फ्लेक्सच्या दुकानातून छापून आणले होते. सर चार दिवस बघत राहिले आणि म्हणाले, "ह्ये चकाकतंय. आणि एका ठिकाणी जोड हाय. पावणं पट्टे न्हाय, जोड बगत्यात." त्यांना बिनचकाकीचं, रुंद, बिनजोड कोरं कापड पाहिजे होतं. पट्टे आपण हातानं रंगवू म्हणाले. माझे वडील, आप्पा, इचलकरंजीत माग चालवतात, हे मी बोलून गेले. आज वाटतं, बोलले ते बरं झालं. तेव्हा कित्येक महिने वाटत होतं, जीभ झडली असती तर बरं.

सरांना कापड मागावरून उतरताना बघायचं होतं. एका सकाळी आम्ही एसटीनं गेलो. आप्पा एकटे सहा माग सांभाळायचे. कारखान्यात शिरलं की खडखडाटानं छाती हलते, सरांचा आवाजही तिथं कुणाला ऐकू जाईना. आप्पांनी हात जोडले, सरांनी जोडले, आणि मग सर एका खांबाला पाठ लावून उभे राहिले. मला वाटलं कापड बघतायत. अर्ध्या तासानं लक्षात आलं, ते आप्पांना बघत होते.

मग मी पाहिलं ते असं. दोन मागांच्या मधल्या बोळात सुताच्या कांड्यांनी भरलेली बुट्टी, म्हणजे टोपली, नेहमी भिंतीला टेकून असायची. आप्पा पलीकडच्या मागावर वाकलेले असताना सरांनी ती बुट्टी पायानं हातभर बोळात सरकवली आणि तिच्याजवळ उभे राहिले. आप्पा वळले. रोजच्या झपाट्यानं आले. डाव्या हाताची पालथी बोटं मागाच्या कडेला घासत होती. हे मी लहानपणापासून बघत आले होते की अलीकडे, ते मला आठवेना. बुट्टी त्यांच्या डाव्या पायाशी होती. ते थेट तिच्यात गेले. कांड्या उधळल्या, आप्पा पुढं झुकले, आणि शेजारी मागाचा फिरता पट्टा सणसणत होता. सरांनी त्यांचा दंड दोन्ही हातांनी धरला.

आप्पा हसले. "कोण ठेवलं रं मधी?" असं ओठांवरून दिसलं. मला हसू आलं नाही. मी कांड्या गोळा करायला बसले.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "तुझ्या आप्पांस्नी डाव्या अंगाचं दिसत न्हाय. उजव्या अंगाचं बी कमी झालंय. मधलं तेवढं ऱ्हायलंय. तुटलेला धागा त्यास्नी दिसतोय, म्हणून कुणाच्या ध्यानात न्हाय."

"बुट्टी तुम्ही सरकवलीत."

"व्हय."

"पट्टा तिथंच होता, सर. हात सुटला असता तर?"

 सरांनी हात खिशात घातले. "आज न्हाय तर उद्या पडलेच असते," ते म्हणाले. "तवा धरायला कोण हुतं?"

माझ्या बापाला त्यांनी उंदरासारखं वागवलं होतं. एसटीत मी मागच्या सीटवर जाऊन बसले आणि कोल्हापूर येईपर्यंत पुढं आले नाही. राग होता, पण रागाखाली दुसरंच काही होतं. सर चुकत नाहीत, हे मला माहीत होतं.

त्या रविवारी मी घरी गेले आणि आप्पांना विचारलं. ते भडकले. "मला दिसत न्हाय? कारखान्यात डोळ्यांचं शिबिर झालं, शेवटची वळ वाचली मी!" त्यांनी पेपर उचलला आणि बारीक अक्षरातली जाहिरात खडखडीत वाचून दाखवली. एक अक्षर चुकलं नाही. मग पेपर आपटून बाहेर गेले. मी सुटल्यासारखा श्वास घेतला. सरही माणूसच, चुकले असतील.

काहीतरी करायचं म्हणून मी झाडू घेतला. सोप्यातलं पाण्याच्या घागरीचं स्टूल वीतभर बाजूला केलं. आई स्वयंपाकघरातून ओरडत धावत आली. "हलवू नगस ते!" तिनं घागरीसकट स्टूल उचललं, पाणी हिंदकळून तिच्या पायावर सांडलं, तरी तिनं ते फरशीच्या ठरावीक रेघेवर नेमकं बसवलं. मग आम्ही एकमेकींकडे बघितलं.

"कधीपासून, आई?"

"दोन वर्सं झाली असतील." ती खालीच बसली. "चपला, तांब्या, खुर्ची, कायबी हलवत न्हाय मी. शेजारच्या पोरांस्नी बी सांगून ठेवलंय, सायकल दारात लावू नगा म्हणून."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय करणार? माग सुटलं की ह्यो माणूस घरात बसून ऱ्हाईल व्हय? मला भ्या वाटलं." ती पदरानं पाय पुसत राहिली. "त्यास्नी वाटतंय मला म्हाईत न्हाय. मला वाटतंय, त्यास्नी म्हाईत न्हाय की मला म्हाईत हाय. असंच चाललंय."

मी सरांना फोन केला. राग गेला नव्हता, पण दुसरं कुणी नव्हतं. सरांनी आप्पांना स्वतः फोन लावला आणि डोळ्यांचं नावही काढलं नाही. "पावणं, तुमचं कापड पिंपात बसवलंय," एवढंच ओरडून सांगितलं. "बगायला या की."

आप्पा आले. स्टँडवरच्या गर्दीत त्यांनी माझा खांदा धरला आणि गर्दी फार आहे म्हणाले. प्राणिगृहात सरांनी पहिला एक तरुण, निरोगी उंदीर पिंपात ठेवला. पिंप फिरू लागलं. उंदराची मान हळूहळू पट्ट्यांबरोबर वळली, झटक्यात परत आली, पुन्हा वळली. आप्पा खूश झाले. "माझ्या कापडामागं फिरतोय की ह्यो!"

सरांनी तो उचलला आणि आजारी गटातला एक ठेवला. पिंप तसंच फिरत होतं. उंदीर चबुतऱ्याच्या कडेकडेनं चालला, मिशा हलवत, न अडखळता. मान मात्र वळली नाही. पट्टे त्याच्या डोळ्यांपुढून जात राहिले.

"ह्याला काय झालंय?" आप्पांनी विचारलं.

"दिसत न्हाय त्यास्नी."

"चालतोय तर नीट."

"चालत्यात. कड वळखीची हाय."

आप्पा पिंपावर वाकले. मग म्हणाले, "कळल्यावर काय करता ह्याचं?"

मला वाटलं, सर काहीतरी सांभाळून बोलतील. ते म्हणाले, "भूल देऊन मारतो. मग डोळा कापून बगतो, आत काय उरलंय ते."

आप्पांचा हात टेबलाच्या कडेवर आवळला गेला. मला सरांचा गळा धरावासा वाटला.  सरांनी पिंपाची मोटर बंद केली, उंदीर तळव्यांत उचलला आणि आप्पांच्या समोर, अगदी समोर येऊन उभे राहिले. "ह्यांच्यासाठी माझ्यापाशी काय न्हाय. माणसाला औषध हाय. गेलेलं येत न्हाय, पण ऱ्हायलेलं टिकतंय. उशीर केला तर तेबी न्हाय."

"माग सोडावं लागतील."

"व्हय."

आप्पा स्टुलावर बसले. माझ्याकडे न बघता बोलले. "आडवं सूत नेणारा धोटा कवाकवा उडतोय मागावरनं. आधी बाजूनं येताना दिसायचा, खाली वाकायचो. आता येईल आणि कळायचं न्हाय. रोज पाळीला जाताना भ्या वाटतंय. चप्पल घालून दारातच उभा ऱ्हातोय." माझा बाप कुठल्याही गोष्टीला घाबरतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी नजरेचा नकाशा काढून दाखवला. डाव्या डोळ्याचा जवळजवळ सगळा काळा, उजव्याच्या कडा काळ्या, मधे पांढरी खिडकी. त्या खिडकीतून आप्पा धागे सांधत होते. औषधाचे थेंब सुरू झाले. कारखान्यातच त्यांना कापड तपासायच्या टेबलावर बसवून घेतलं. उजेडात बसून, समोरून सरकणाऱ्या कापडातल्या गाठी शोधायच्या. ते त्यांना जमलं. आज चार वर्षं ती खिडकी तेवढीच आहे.

माझ्या अर्काचं म्हणाल तर त्यानं काही केलं नाही. अर्क घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही गटांची नजर सारखीच उतरली. सरांनी मला तेच, तसंच लिहायला लावलं. पदवी मिळाली.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. हे घराण्यात उतरतं, मुलांनी तपासून घ्यावं. मी गेले नाही. आधी प्रबंध होता, मग सण होता, मग सर्दी होती. कितीतरी जिवांना मी पिंपात बसवलं होतं, स्वतः नजरेचा नकाशा काढणाऱ्या यंत्रासमोर हनुवटी टेकायचं मात्र टाळत होते. सर काही विचारत नव्हते. एके दिवशी मी प्राणिगृहाच्या बोळातून येत होते आणि नेहमी कोपऱ्यात असणारी बादली अर्ध्या वाटेत होती. मी ती बघितली, वळसा घातला, आणि एवढी भडकले की आत कुजबुजायचा नियम विसरले. "मला दिसतंय, सर!"

सर दारात उभे होते. "आप्पा बी असंच म्हणाले हुते."

दुसऱ्या दिवशी जाऊन आले. नकाशा स्वच्छ होता. पण दरवर्षी यायचं, डॉक्टर म्हणाले.

नंतर मी कोल्हापुरातच मंगळवार पेठेत खोली घेतली आणि दुसऱ्या कॉलेजात शिकवायला लागले. सर निवृत्त होऊन जवळच उचगावला आपल्या घरी राहायला गेले. वर्षातून एकदा, माझ्या तपासणीच्या महिन्यात, त्यांचा फोन यायचा. नमस्कार नाही, खुशाली नाही. "गेलतीस?" "हो सर." "मग?" "ठीक आहे." "बरं." फोन बंद.

यंदा तो आलाच नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. शेवटी मीच लावला.

"सर, फोन केला नाहीत."

"इसरलो न्हाय," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा नव्हता. "रोज हातात घेत हुतो. तू काय सांगशील त्याचं भ्या वाटलं."

"आलंय, सर."

"कुठला डोळा?"

"उजवा. नाकाच्या बाजूला. बारीकशी कड."

"थेंब?"

"बाटली आणलीय. दोन दिवस झाले, उघडली नाही."

फोन बंद झाला. अर्ध्या तासात ते रिक्षानं माझ्या दारात होते. खूप थकलेले वाटले. खुर्चीवर बसले, पाणी नको म्हणाले, टेबलावरच्या बाटलीकडे बोट दाखवलं. "घाल."

मी मान मागं केली. हात थरथरला आणि पहिला थेंब गालावर पडला. दुसरा पापणीवर. मला रडू आलं. सर उठले, त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली. त्यांचा हात माझ्याहून जास्त कापत होता, आणि ते आम्हा दोघांनाही दिसत होतं. त्यांनी मनगट माझ्या कपाळावर टेकवलं, हात स्थिर होईपर्यंत थांबले, आणि थेंब सोडला. गार लागलं, मग चरचरलं.

"फार भीती वाटते, सर."

"वाटू दे," ते म्हणाले. "मलाबी वाटतीया. भ्यालेला माणूस थेंब चुकवत न्हाय. उद्याचा किती वाजता?"

"आठला."

"येतो."

दुसऱ्या दिवशी आठला पाच मिनिटं कमी असताना दाराची कडी वाजली.